ओरखड्याच्या अलीकडे

चैत्र लागला की मला भर दुपारी संबळ ऐकू येतो. जव्हारला आमच्या दुकानाच्या मागे दरी आहे. तिथून वारा वर चढला की त्याच्याबरोबर दोन-चार ठोके येतात आणि मधेच तुटतात. आमचे हे म्हणतात, तुझे कान वाजतात. वाजत असतील. पण वाजायला त्यांना नेमका चैत्रच कसा सापडतो, आणि पायरीवर पसरलेलं कुत्रं त्याच क्षणी मान उचलून दरीकडे का बघतं, असं विचारलं की हे पेपरात तोंड घालतात.

हे दिवस बोहाड्याचे. मोखाड्याकडच्या गावांत लाकडी मुखवटे चढवून देव, राक्षस, वेताळ नाचतात. त्यांना सोंगं म्हणायचं. डोंगर करपून गेलेले असतात. मोहाची फुलं सरत आलेली असतात, पण त्यांचा आंबूस-गोड वास झाडाखालून हलत नाही. सूर्यमाळकडच्या बायकांची एका हंड्यापायी अख्खी सकाळ विहिरीवर जाते. आणि अशा कोरड्या दिवसांतच वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर पांगलेली माणसं गावी परततात. एकेका घराकडे एकेक सोंग असतं. बापाकडून मुलाकडे येतं. दिवाळी चुकली तर चालते, घरचं सोंग चुकलेलं चालत नाही. सोंग चढवलेल्या माणसाने बोलायचं नाही आणि त्याला कुणी नावाने हाक मारायची नाही, कारण मुखवटा उतरेपर्यंत तो माणूस तिथे नसतोच.

नसतोच, हे मी किती सहज लिहून गेले. खरं सांगते, बोहाड्यात माझी नजर मुखवट्यांवर फार वेळ ठरत नाही. डोळ्यांच्या जागी भोकं असतात आणि भोकात अंधार असतो. भर उन्हातसुद्धा तो अंधार उजळत नाही.

आमचं दुकान म्हणजे डीव्हीडी लायब्ररी. आता लोक झेरॉक्स काढायला आणि ऑनलाइन फॉर्म भरायला येतात, पण पाटीवरच्या जुन्या रंगाखालून ‘लायब्ररी’ अजून डोकावतं. हे लग्नांचं शूटिंग करायचे आणि मी गल्ल्यावर बसून सिनेमे भाड्याने द्यायची. बारसं असो, सत्यनारायण असो, नाहीतर नुसतीच मजुरी करून चार माणसं घरी आलेली असोत, टीव्ही, मशीन आणि पाच डिस्कचा सेट जीपच्या टपावर बांधून पाड्यावर जायचा. दुसऱ्या दिवशी जीपवाल्याच्या हाती परत यायचा. मी प्रत्येक डिस्क उजेडात धरून, तिरकी करून बघायची. कुणी तिला तेल लावलेलं असे, कुणी भाकरी ठेवलेली असे. एका शहाण्याने ओरखडे जावेत म्हणून टूथपेस्ट चोळली होती, आणि वर मलाच सांगत होता, बघा काकू, कशी पांढरीशुभ्र झाली. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. डिस्क खराब करून आणणाऱ्याला मी चारचौघांत झाडायची.

त्याच मी एक डिस्क स्वतःच्या हाताने, मुद्दाम खराब केली. इतक्या वर्षांत एकच. हे यांनाही माहीत नाही.

सोळा-सतरा वर्षं झाली त्या चैत्राला. पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका गावचा बोहाडा यांनी शूट करायचं ठरवलं आणि बॅटरीची पिशवी धरायला मी बरोबर गेले. रात्रभर चाललेली सोंगं उन्हं वर आली तरी संपली नव्हती. शेवटाशेवटाला वेताळ आला. काळा मुखवटा, कपाळापर्यंत चढवलेल्या भुवया, अंगावर कांबळं, पाय मात्र उघडे. संबळाची लय बदलली आणि धुळीत तो गिरक्या घेऊ लागला. इतक्यात माझ्या शेजारची एक बाई ओरडली, “आला गं, आला! बोल्ला तसा आला!” आणि इतकी हसली, इतकी, की तिच्या कडेवरची लहान पोर दचकून रडायला लागली. यांनी कॅमेरा जरा मागे घेऊन वेताळ आणि ती, दोघांना एका चित्रात धरलं. मी तिला ओळखत नव्हते, पण तिचं हसणं बघून मलाही हसू फुटलं.

वेताळ मात्र थांबला.

संबळ वाजतच होता. वाजवणाऱ्याने एकदा वर पाहिलं, पुन्हा लय धरली. वेताळ नुसता उभा. मग ते लाकडी तोंड हळूहळू तिच्याकडे वळलं आणि तसंच राहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. उन्हात उभी असून माझे दंड गारठले. मग तो पुन्हा नाचायला लागला, नाचत नाचत कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात आला आणि मुखवटे ठेवतात त्या घरात शिरला.

दुपारी कळलं. तो वेताळ ज्या घरचा, त्या घरचा माणूस रघू, आदल्या संध्याकाळी भिवंडीकडच्या एका भट्टीवर मातीची दरड कोसळून गेला होता. बाजारातून माल घेऊन सकाळी पोचतो, असा त्याचा निरोप होता. पहाटे फोन आला तो गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याकडे. त्याने फोन बंद करून कनवटीला लावला आणि गप्प बसला. सुतक ऐकल्यापासून धरायचं असतं. ऐकलं असतं तर त्या घरचं सोंग निघालं नसतं, आणि वेताळ एक वर्ष निघाला नाही तर गावाचं काही खरं नाही असं ते मानतात. म्हणून सोंग नाचून होईपर्यंत त्याने कुणाच्या कानावर घातलं नाही. ती हसणारी बाई रघूची बायको होती, देवली. कडेवर होती ती तिची रंजना.

मग तो मुखवटा कुणी चढवला होता? कारभारी बोलेना. रघूचा धाकटा भाऊ लहानू, तोही बोलेना. पाड्यावरच्या बायका मात्र उघड बोलत होत्या. रघूच नाचला, म्हणाल्या. शब्द दिला होता, म्हणून मेल्यावर आला, सोंग पुरं केलं आणि गेला. आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा ड्रायव्हरही हेच सांगत होता, आणि आरशातून पुन्हा पुन्हा मागे बघत होता. मागे आम्हीच होतो, आणि आमच्या मांडीवर कॅमेरा होता.

दिवसकार्य झाल्यावर देवली दुकानात आली. सूर्यमाळच्या वाटेवरचा तिचा पाडा. एवढ्या लांबून आलेली, पण पाणीसुद्धा घेईना. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “तुमचे मालकांनी काढलेला हाय ना, तो बगायचा मना. त्याचे डावे पायाची करंगळी नाय. कोयत्यानं तुटलेली. पाय बगायचे.”

डिस्क अजून झाली नव्हती. मी तिला म्हटलं, पुढच्या बाजाराला ये.

डिस्क झाली तेव्हा हे एका लग्नाला गेले होते. दुकानाचं दार ओढून घेऊन मी एकटीनेच ती लावली. वेताळ थांबतो. वळतो. मग कॅमेऱ्याकडे येतो, आणि शेवटी पाय पडदाभर दिसतात. मी मोजली. पुन्हा मागे नेऊन मोजली. डाव्या पायाला पाच बोटं होती.

आता तिला काय सांगायचं? नवरा आला नव्हता, तो तेव्हा भिवंडीला चादरीखाली होता, आणि कारभाऱ्याने ते ठाऊक असून तुला हसू दिलं, हे? ते सांगायला मी कोण? पण खोटं बोलायचं तर पाय समोर होते. बराच वेळ डिस्क हातात फिरवत बसले. शेवटचा भाग कडेला असतो. कुठे ओरखडा पडला की चित्र कुठे अडकतं, हे इतक्या वर्षांत बोटांना कळायला लागलं होतं. सुई घेतली, आणि कडेच्या किंचित आत एक रेघ ओढली. मग लावून पाहिली. वेताळ थांबला, मान वळायला लागली आणि चित्र अडकलं. अगदी तिथेच. मी यांना सांगितलं, हीच राहू दे, दुसरी काढू नका, कोण बघतंय. यांनीही काढली नाही.

देवली बाजाराच्या दिवशी आली, जमिनीवर बसली. मी डिस्क लावली. वेताळ थांबला आणि मशीन खरखरायला लागलं. अडकलेलं चित्र पूर्ण थिजत नाही. कडेला चौकोन चौकोन होऊन थरथरत राहतं. मुखवटा अर्धा वळलेला, मागे हसणारी देवली, तिचा वर गेलेला हात त्या थरथरीत हलल्यासारखा वाटायचा. पडद्यावरच्या बाईचा श्वास चालू होता म्हणा ना. आणि खाली बसलेली देवली इतकी स्तब्ध, की दोघींपैकी चित्र कुठलं असा मला एकदा प्रश्न पडला.

“अडकतंय गं,” मी म्हटलं. “पुढे जात नाही.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. एवढंच.

निघताना तिने डिस्क भाड्याने मागितली. मी विचारलं, मशीन आहे का घरी? नव्हतं. विजेचा खांबसुद्धा पाड्याच्या अलीकडेच थांबलेला. तरी तिने डिस्क पदरात गुंडाळून नेली आणि पुढच्या बाजाराला परत आणली. वर मधोमध कुंकू लावलेलं, भोकात तांदळाचे दाणे चिकटलेले. तिचं म्हणणं, वेताळ आत आहे, मग त्याला तसाच कसा ठेवायचा? मी भडकले. तोंडातून येईल ते बोलले. देव आहे का ती, म्हटलं, प्लॅस्टिक आहे. मी मऊ फडक्याने कुंकू पुसत होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते, कारण तिने खराब केलेल्या डिस्कवरून मी तिला झाडत होते, आणि खराब तर ती मीच केली होती.

पुढल्या चैत्रात ती पुन्हा आली. त्याच्या पुढल्याही. दुकानात बसून अडकलेलं चित्र बघायचं, मग डिस्क न्यायची आणि बाजाराला परत आणायची. एकदा मी म्हटलं, “देवली, ठेव तुझ्याकडेच. कशाला हेलपाटे घालतेस?”

ती घाबरलीच. “नको बाय. मेलेला मानूस घरात ठेवत नाय. आनायचा, बोलायचा, परत पोचवायचा. ठेवला तर तो जात नाय.”

भाड्याच्या धंद्यातलं मर्म मला एका गिऱ्हाइकाने असं शिकवलं. आलेली गोष्ट परत जायला हवी. आज सगळं मोबाइलमध्ये येतं आणि काहीच परत द्यावं लागत नाही, तरी कुणाच्या हाती काही उरलेलं दिसत नाही. लोक यायचे थांबले ते भांडून नाही, तक्रार करून नाही. आज एक, उद्या एक. सकाळी दुकान उघडावं आणि आतल्या भिंतीवरच्या सगळ्या कव्हरांवरच्या नट्या माझ्याकडे बघत असाव्यात, दुसरं कुणी नाही. मशीन दुरुस्त करणारा वाड्याला गेला. पोराने डिस्कांची पोती भंगारात देऊन टाकली आणि मी थांबवलं नाही.

परवा साखरशेतच्या रस्त्याने येत होते. एका भाजीच्या वाफ्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून दोऱ्यांना डिस्का टांगल्या होत्या. वाऱ्यावर गरगर फिरत होत्या, एका वेळी सगळ्या, आणि प्रत्येक वळणाला उन्हाचा पट्टा माझ्या तोंडावर मारत होत्या. जवळ गेले तर त्यांच्यावर मार्करने आकडे, माझ्याच अक्षरात. शेतात माणूस नव्हतं. पाखरूही नव्हतं. एवढे नाच, एवढी रडणी, एवढ्या मारामाऱ्या त्या चकत्यांत अजून भरलेल्या, आणि ऐकायला कुणी नाही म्हणून मुकाट फिरताहेत. मी भराभर चालत निघाले. पाठीवर उजेड फिरतोय हे मला न बघताही जाणवत होतं.

एक मशीन आणि एक डिस्क मात्र मी गल्ल्यामागे ठेवली आहे. चैत्रासाठी.

या वर्षी देवली आली ती रंजनाला घेऊन. कडेवरची ती पोर आता वाड्याला कंपनीत जाते. केस कापलेले, हातात मोठा मोबाइल. आल्या आल्या म्हणाली, “काकू, आता मशीनची गरज नाही. हे बघा, नेटवर आहे, एकदम क्लिअर.”

कुठून आलं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. दिवाळीत मुलगा ठाण्याहून आला होता, तेव्हा बापाच्या जुन्या कॅसेटींचा खोका घेऊन गेला होता. सगळं नेटवर टाकतो आई, बाबांचं काम जगाला दिसू दे, असं म्हणाला होता. मी कौतुकाने डबासुद्धा बांधून दिला होता. त्या खोक्यात मूळ कॅसेट होती. तिच्यावर ओरखडा नव्हता.

“ऊन उतरलं की बघू,” मी म्हटलं. “आधी चहा टाकते.”

पण पोरीने सुरू केलंच. त्या तळहाताएवढ्या काचेत संबळ वाजला. धूळ, कांबळं, वेताळ. “आला गं, आला!” वेताळ थांबला. मी देवलीकडे बघत होते. मान वळायला लागली, आणि या खेपेला अडकली नाही. वळतच गेली. इतक्या वर्षांनी मी ते तोंड पुरतं वळलेलं पाहिलं. मग तो पुढे आला आणि पाय दिसले. रंजनाने चित्र थांबवून दोन बोटांनी पाय मोठा केला. नखातली मातीसुद्धा दिसत होती.

“आये,” ती हळूच म्हणाली, “पाच हायत.”

मला वाटलं आता ही बाई कोसळणार, आणि पाप माझं. मी बोलून टाकलं. “देवली, मला माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी मोजली होती. डिस्कवरचा ओरखडा माझ्या हातचा आहे. तुला दिसू नये म्हणून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माझीच कीव आल्यासारखी.

“मना ठावा हाय पाच हायत,” ती म्हणाली. “लहानूनं दहाव्यालाच माजे पाय धरले. ‘वयनी, मी होतो. दादा पोचला नाय म्हनून मीच चढवला. तू त्यालाच हाक मारलीस नि माजे पाय उचलंनात,’ बोल्ला. तुमचे दुकानात आले ती त्याचे नंतर.”

“मग पाय बघायचे म्हणून का आलीस?”

“दुसरा काय सांगू? मनाच मना बगायचा हाय, असा? हसली नसती तुम्ही?”

मोबाइल तेवढ्यात आपोआप पुढच्या कसल्याशा नाचाकडे गेला आणि दुकानभर भलतंच गाणं वाजायला लागलं. देवलीने पोरीच्या हातावर चापट मारली. “बंद कर तो. थांबायचा म्हाईत नाय त्याला.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाय, तुमचा लावा. तुमचा बरा. बराबर जागेवर थांबतो.”

मी डिस्क काढली, पुसली, लावली. वेताळ थांबला, मान हलली, मशीन खरखरलं. चित्र थरथरत उभं राहिलं. देवली नेहमीच्या जागी बसली. तेव्हा मी पहिल्यांदा, तिच्या शेजारी खाली बसून, ती बघते तिथे बघितलं. मुखवट्याकडे नाही, पायांकडे नाही. मागे, कोपऱ्यात. तरणी बाई, कडेवर पोर, हात वर, तोंडभर हसू. नवरा जाऊन अख्खी रात्र उलटलेली, आणि तिच्या कपाळावर कुंकू. तिच्या खांद्यामागे बॅटरीची पिशवी सांभाळत मीही होते, आणि मीही हसत होते.

“तिला अजून कोनी सांगला नाय,” देवली म्हणाली.

मागच्या दरीकडून वारा वर आला. कुत्र्याने मान उचलली. रंजना दिवा पदराआड धरावा तसा मोबाइल ओढणीत धरून उभी होती, तिने एकदा पडद्यावरच्या लहान पोरीकडे पाहिलं आणि डोळे खाली घातले. मशीन तापल्याचा वास येत होता. जास्त वेळ अडकवून ठेवलं तर तेही जाईल, आणि आता ते दुरुस्त करणारं जव्हारात कुणी नाही.

“काढू का आता?” मी विचारलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “हसू दे तिला.”

मी रिमोट खाली ठेवला.